प्रोसेसर तापतो आहे, पण दोष कूलरचाच आहे का?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: लालबागमधील एका चाळीत आई-वडील आणि धाकट्या बहिणीसह राहणारा हा तरुण लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन घरूनच करतो. त्याच्या डेस्कटॉपमध्ये इंटेलचा कोअर आय७ १२७००के हा प्रोसेसर आहे. डिसेंबरमध्ये त्याने आठही मोठे कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) ४.७ वरून ५.० गिगाहर्ट्झवर नेले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ केले. कूलर आधीच्या संगणकावरचाच आहे, चार हीट पाइपांचा. मे महिन्यात लांबलचक चित्रफीत एक्स्पोर्ट करायला लावली की थोड्याच वेळात तापमान ९८ ते १०० अंशांवर जाते, वेग ४.४ पर्यंत घसरतो आणि रात्री पंख्याच्या आवाजाने घरच्यांची झोप मोडते. त्या वेळी प्रोसेसर सुमारे २१० वॅट घेत असल्याचे मॉनिटरिंगमध्ये दिसते. कॅबिनेट टेबलाच्या खालच्या कप्प्यात असून त्याची पुढची आणि कडेची बाजू काचेची आहे, आणि त्यात १६० मिलिमीटरपर्यंत उंचीचा कूलर बसतो. मित्र ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर घ्यायला सांगतात, तर वडील म्हणतात की त्यापेक्षा एसीच बसवू. हाताशी १५,००० रुपये आहेत. प्रोसेसर जळेल का, आणि कोणता लिक्विड कूलर घ्यावा, असे दोन प्रश्न त्याने विचारले आहेत.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या काळजीपोटीच दुसरा निर्णय घाईने घेतला जाण्याची शक्यता आहे. तुमचा प्रोसेसर जळणार नाही. १२७००के साठी इंटेलने १०० अंश सेल्सिअस ही मर्यादा ठरवली आहे. तापमान तिथे पोहोचले की प्रोसेसर स्वतःच वेग आणि व्होल्टेज कमी करतो, आणि एवढे करूनही भागले नाही तर संगणक बंद पडतो. मात्र याचा आणखी एक अर्थ आहे, जो तुमच्या पत्रात आलेला नाही. तुम्हाला दिसणारे ९८ किंवा १०० हे तुमच्या प्रोसेसरचे खरे मोजमाप नव्हे, ती त्याने स्वतःला घातलेली वेस आहे. वेग न घटवता तो चालत राहिला असता तर तापमान किती झाले असते, हे या आकड्यावरून कळत नाही. वेग ४.४ पर्यंत उतरतो, या एकाच गोष्टीवरून तुमचा संगणक मर्यादेच्या किती पलीकडे ढकलला गेला आहे याचा अंदाज येतो.

दुसऱ्या प्रश्नाच्या मुळाशी तीन गृहीतके आहेत, असे मला वाटते. पाणी हवेपेक्षा चांगले थंड करते, दोष कूलरचाच आहे, आणि ५.० गिगाहर्ट्झ टिकवणे आवश्यक आहे. तिन्ही गृहीतके तपासून पाहण्यासारखी आहेत.

आधी पाण्याविषयी. माठातले पाणी आजूबाजूच्या हवेपेक्षा गार होते, कारण ते झिरपते आणि त्याची वाफ होते. लिक्विड कूलरमध्ये तसे काहीच घडत नाही. त्याच्या बंद नळ्यांतला द्रव प्रोसेसरवरची उष्णता उचलतो, पंप तो द्रव रेडिएटरपर्यंत, म्हणजे पातळ पात्यांच्या जाळीपर्यंत, नेतो, आणि तिथे शेवटी पंखेच ती उष्णता खोलीतल्या हवेत टाकतात. टॉवर प्रकारच्या हवेच्या कूलरमध्ये हेच काम हीट पाइप करतात. त्या तांब्याच्या नळ्यांत थोडासा द्रव असतो. तापलेल्या टोकाला त्याची वाफ होते, पातळ पात्यांकडच्या टोकाला ती पुन्हा द्रवरूप होऊन परत येते, आणि यासाठी पंप लागत नाही. दोन्हींत उष्णता अखेर खोलीच्या हवेतच जाते. त्यामुळे दोन्हींपैकी कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. फरक पडतो तो पात्यांचे क्षेत्रफळ किती आहे आणि त्यांतून किती हवा वाहते यामुळे.

म्हणूनच कूलरच्या बाबतीत नुसते तापमान पाहू नये, ते खोलीपेक्षा किती अंशांनी जास्त आहे हे पाहावे. परदेशी परीक्षणांतले आकडे बहुधा २० ते २२ अंशांच्या खोलीत घेतलेले असतात. मुंबईत मे महिन्यात दुपारचे तापमान ३३-३४ अंशांच्या आसपास असते आणि रात्रीही ते २७ च्या फारसे खाली उतरत नाही, शिवाय चाळीच्या खोलीत स्वयंपाकाची आणि माणसांची उष्णता त्यात भर घालते. तेव्हा परीक्षणात ७८ अंश दाखवणारा कूलर तुमच्याकडे ९० दाखवील आणि तरीही तो आपले काम चोख करत असेल. तुम्ही ओव्हरक्लॉक (प्रोसेसर मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे) डिसेंबरमध्ये केला हेही इथे महत्त्वाचे आहे. तेव्हा पहाटे खोली २० अंशांच्या जवळ असणार. त्या वेळी स्थिर वाटलेली मांडणी मे महिन्यात कोलमडली, तर त्यात नवल नाही. मुंबईत ओव्हरक्लॉकची खरी परीक्षा मे आणि ऑक्टोबरमध्येच होते, आणि मांडणी त्याच महिन्यांच्या हिशेबाने ठरवायला हवी.

आता तुमचेच आकडे घेऊन थोडे गणित करू. प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४.७ वरून ५.० म्हणजे वेगात सुमारे ६.४ टक्के वाढ. १.२५ वरून १.३५ व्होल्ट म्हणजे ८ टक्के, पण वर्ग केल्यावर ती वाढ साडेसोळा टक्क्यांच्या पुढे जाते. दोन्ही एकत्र केल्यास उष्णता जवळजवळ २४ टक्क्यांनी वाढते. तुम्ही सहा टक्के वेगासाठी चोवीस टक्के उष्णता विकत घेतली आहे, आणि ती बाहेर काढण्यासाठी आता कूलरवर पैसे घालायला निघाला आहात. मूळ मांडणीत ४० मिनिटे घेणारे एक्स्पोर्ट पूर्ण ५.० गिगाहर्ट्झवर फार तर साडेसदतीस मिनिटांत होईल, आणि तेही सगळे काम प्रोसेसरवरच पडत असेल तर. १२७००के मधल्या अंतर्गत ग्राफिक्समध्ये चित्रफितींसाठी वेगळी यंत्रणा असते. तुमचे सॉफ्टवेअर तिचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा उपयोग करत असेल, तर ही अडीच मिनिटेही वाचत नाहीत. उलट मे महिन्यात तुमचा संगणक ४.४ वर चालतो, म्हणजे ओव्हरक्लॉक न केलेल्या ४.७ पेक्षाही हळू. ज्या कामासाठी हा खटाटोप केला, त्यात तुम्ही आज तोट्यात आहात.

ओव्हरक्लॉकिंगच्या छंदाला मी कमी लेखतो असे कृपया समजू नका. यंत्राची मर्यादा स्वतःच्या हाताने शोधण्यात खरा आनंद असतो आणि त्यातून माणूस खूप शिकतो. परंतु तुमच्या बाबतीत हेच यंत्र घरात पैसे आणते, आणि त्याच खोलीत चार माणसे झोपतात. छंदासाठीची मांडणी आणि कामासाठीची मांडणी वेगवेगळी ठेवता येते. बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, दोन प्रोफाइल साठवून ठेवण्याची सोय बहुतेक मदरबोर्डांत असते.

कामासाठीच्या प्रोफाइलमध्ये काय करावे? इंटेलने या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट आणि टर्बोतली (थोड्या वेळासाठी वाढवलेल्या वेगातली) कमाल शक्ती १९० वॅट ठरवली आहे. पण अनेक मदरबोर्ड ही मर्यादा उघडीच सोडतात. बायोसमध्ये ती दीर्घ आणि अल्प अशा दोन्ही कालावधींसाठी १५० वॅटवर ठेवा, वेग मूळ मांडणीवर आणा, आणि व्होल्टेजमध्ये उणे ०.०५ चा ऑफसेट देऊन, म्हणजे ते ०.०५ व्होल्टने कमी करून, पाहा. संगणक स्थिर राहिला तर आणखी थोडे खाली जा. अडखळला तर एक पायरी वर या. आज २१० वॅटला तुमचे तापमान ३३ अंशांच्या खोलीपेक्षा ६५ अंशांनी जास्त आहे. ही वाढ साधारणपणे वॅटच्या प्रमाणात चालते, त्यामुळे १५० वॅटला ती ४६ च्या आसपास येईल, म्हणजे तापमान ८० च्या घरात. एक रुपयाही खर्च न करता, त्याच कूलरवर. वेगातली घट मात्र तुम्हाला घड्याळ लावूनच शोधावी लागेल, कारण शेवटच्या चाळीस-पन्नास वॅटमधून हाती लागणारा वेग फारच थोडा असतो.

दोष कूलरचाच आहे, या गृहीतकाविषयी मला सर्वाधिक शंका आहे आणि तिचे कारण तुमच्या पत्रातच आहे. तुमचे कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात आहे. आपल्याकडच्या संगणक टेबलांत सीपीयूसाठी म्हणून जो कप्पा करतात, त्याला तीन बाजूंनी फळ्या असतात, पाठीमागे भिंत असते आणि पुढे कधीकधी झडपही. मागून बाहेर पडणारी गरम हवा भिंतीवर आपटून त्याच कप्प्यात फिरते आणि पुन्हा आत ओढली जाते. अशा कप्प्यातली हवा ३३ अंशांची राहत नाही, ती ४० च्याही पुढे जाऊ शकते, आणि मग जगातला सर्वोत्तम कूलरही त्या ४० च्या वरच काम करणार. त्यातून पुढची बाजू काचेची असेल, तर आत हवा यायला कडेच्या फटींपुरतीच वाट उरते. ३६० चा रेडिएटर या कॅबिनेटमध्ये बसला, तरी त्याच्या तीन पंख्यांना ओढायला हवा कुठून मिळणार?

ही शंका एका रात्रीत तपासता येते. खोलीतल्या हवेसाठी साधा थर्मामीटर आणि संगणकावर तापमान, वॅट आणि वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम एवढे पुरे. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ या प्रोग्रॅमची दहा मिनिटांची चाचणी कॅबिनेट कप्प्यात असताना एकदा करा, कॅबिनेट बाहेर मोकळ्या जागी ठेवून एकदा, आणि कडेची काच काढून एकदा. दर वेळी खोलीचे तापमान, प्रोसेसरचे तापमान, वॅट आणि वेग हे चारही आकडे लिहून ठेवा. यापैकी एकच आकडा पाहून फसगत होते: तापमान तेवढेच राहून वेग वाढला असेल, तर तोही फायदाच आहे. कप्प्यातून बाहेर काढताच परिस्थिती सुधारली तर दोष जागेचा आहे. काच काढल्यावर सुधारली तर कॅबिनेटचा आहे, आणि जाळीदार पुढच्या बाजूचे कॅबिनेट घेणे हा कूलरपेक्षा शहाणपणाचा खर्च ठरेल. दोन्ही वेळा फरक पडला नाही, तरच संशय कूलरवर घ्यावा.

तेव्हाही आधी तो नीट बसला आहे का, हे पाहावे लागेल. तुमचा कूलर जुन्या संगणकावरचा आहे. बाराव्या पिढीसोबत २०२१ च्या अखेरीस एलजीए १७०० हे सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा, आले. त्याच्या भोवतालच्या भोकांमधले अंतर ७५ वरून ७८ मिलिमीटर झाले आणि प्रोसेसरची उंचीही किंचित कमी झाली. काही मदरबोर्डांवर जुनी आणि नवी अशी दोन्ही भोके असतात, त्यामुळे कूलर आवळायच्या जुन्या पट्टीवरही तो बसतो, पण त्याचा दाब पुरेसा पडत नाही. कूलर काढून थर्मल पेस्टचा, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधल्या उष्णतावाहक लेपाचा, ठसा पाहा. मधोमध पातळ आणि सर्वत्र सारखा ठसा असेल तर दाब ठीक आहे. एका बाजूला पेस्ट जाड राहिली असेल किंवा ती सुकून भेगाळली असेल, तर उत्पादकाची १७०० साठीची पट्टी मागवा आणि नवी पेस्ट लावा. खर्च काही शे रुपयांचा.

एवढे सगळे केल्यावरही तुम्हाला नवा कूलर हवासा वाटेल, आणि तो घेण्यासारखाही आहे, कारण चार पाइपांच्या कूलरला १५० वॅट पेलण्यासाठी पंखा जोरात फिरवावा लागतो. तुमच्या घरात कूलरची खरी कसोटी तापमान ही नसून आवाज आहे. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. म्हणून क्षेत्रफळ वाढवायचे आणि पंखे सावकाश फिरवायचे, हाच शांत संगणकाचा मार्ग आहे. माझे मत विचाराल तर तुम्ही दुहेरी टॉवरचा, सहा-सात हीट पाइपांचा आणि १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा हवेचा कूलर घ्यावा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५ मिलिमीटर उंच आहे, तो तुमच्या कॅबिनेटमध्ये बसेल. डीपकूलचा एके६२० बरोबर १६० चा आहे, म्हणजे काचेला टेकेल इतका काठावर. नॉक्टुआचा एनएच-डी१५ नावाजलेला असला तरी १६५ चा असल्याने तुमच्यासाठी बादच. पुढचा पंखा रॅमच्या वर येतो आणि रॅमवर उंच पत्रे असतील तर तो वर सरकवावा लागतो, त्यामुळे एकूण उंची वाढते. खरेदीपूर्वी रॅमची उंचीही मोजून ठेवा.

लिक्विड कूलरची बाजूही मला न्यायाने मांडली पाहिजे. प्रोसेसर २५० वॅटच्या आसपास सतत चालत असेल, तर चांगला ३६० चा लिक्विड कूलर दुहेरी टॉवरपेक्षा काही अंशांनी निश्चित सरस ठरतो. द्रव तापायला वेळ लागतो, म्हणून एक-दोन मिनिटांच्या कामात तर तो फारच छान दिसतो. पण तुमचे एक्स्पोर्ट चाळीस मिनिटांचे. तेवढ्या वेळात द्रव पुरता तापतो आणि मग सगळी भिस्त पुन्हा पंख्यांवर येते. दीडशे वॅटला दोन्हींतला फरक इतका कमी होतो की त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. कारण उष्णतेचा बराच अडथळा प्रोसेसरच्या चिपमध्ये आणि तिच्या झाकणातच असतो, आणि तिथे कोणत्याही कूलरचा हात पोहोचत नाही.

आणि मला तुमच्या धंद्याची काळजी वाटते. तुळशीचे लग्न उरकून मुहूर्त सुरू झाले की तुमच्याकडे कामाची रीघ लागणार. त्या दिवसांत टॉवरचा एक पंखा बंद पडला, तर कोणत्याही दुकानातून १२० मिलिमीटरचा पंखा आणून तासाभरात लावता येतो, आणि तोवर दुसरा पंखा संगणक चालता ठेवतो. लिक्विड कूलरचा पंप बंद पडला, तर वॉरंटी असूनही संगणक बदली कूलर येईपर्यंत बसून राहतो. त्यातला द्रव वर्षांगणिक नळ्यांतून सूक्ष्म प्रमाणात उडून जातो आणि बहुतेक मॉडेलमध्ये तो पुन्हा भरता येत नाही. तरीही कोणी लिक्विड कूलर घेतलाच, तर रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील असा बसवावा, म्हणजे आतली हवा पंपात अडकून घरघर करत नाही.

वडिलांच्या एसीच्या सूचनेबद्दल: खोली आठ अंशांनी थंड झाली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच थंड होईल, हे खरे. पण एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना साधारण एक किलोवॅट वीज घेतो. घरच्यांना उकाड्यातून सोडवण्यासाठी एसी घेत असाल तर जरूर घ्या. दीडशे वॅटच्या प्रोसेसरसाठी घेऊ नका.

हाच प्रश्न वेगळ्या प्रोसेसरच्या संदर्भात इतर वाचकांनाही पडत असेल. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले अनेक प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच घडवले आहेत. तिथे कूलर बदलला तरी आकडा तोच दिसू शकतो आणि वाढतो तो वेग, म्हणून ९५ पाहून घाबरू नये. हवे असल्यास बायोसमधला कमी वीज घेणारा इको मोड वापरावा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जादा व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले. इंटेलने त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या मूलभूत सूचनांची) सुधारणा दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी कूलरचा विचार करण्याआधी बायोस अद्ययावत करावा, कारण व्होल्टेजने होणारी झीज कोणत्याही कूलरने भरून येत नाही. तुमचा प्रोसेसर बाराव्या पिढीचा असल्याने त्यात नाही.

देखभालीबाबत एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आपल्या एका खोलीच्या घरांत हमखास घडते. स्वयंपाक त्याच खोलीत होत असेल, तर फोडणीची तेलकट वाफ पात्यांवर बसते आणि तिच्यावर धूळ चिकटून थर होतो, जो ब्लोअरच्या हवेने निघत नाही. दर तीन-चार महिन्यांनी पंखे सोडवून, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल यांनी पाती पुसून घ्या. शक्य असेल तर कॅबिनेट ओट्यापासून दूरच्या भिंतीला हलवा.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडला जाणार असाल, तर ग्रँट रोड स्टेशनवर उतरण्याआधी आपल्या चारही आकड्यांचा कागद, कॅबिनेटची मर्यादा आणि रॅमची उंची खिशात ठेवा. एलजीए १७०० ची पट्टी खोक्यातच आहे का, ते दुकानातच उघडून पाहा आणि पक्के बिल घ्या, कारण वॉरंटी त्याच्यावरच चालते. घरी बसवताना तळावरची पारदर्शक फिल्म काढायला विसरू नका आणि स्क्रू एकाआड एक, कर्णाच्या दिशेने थोडे थोडे आवळा. मग बायोसमध्ये पंख्यांचा वेग असा लावा की ७० अंशांपर्यंत ते सावकाशच फिरतील, आणि सिनेबेंचची तीच चाचणी भर दुपारी, खोली सर्वांत तापलेली असताना पुन्हा घ्या. तेव्हा तापमान ८५ च्या आत राहिले तर ५.० गिगाहर्ट्झचे दुसरे प्रोफाइल थंडीच्या रात्रींसाठी खुशाल राखून ठेवा. उरलेल्या पैशांतून आधी जाळीदार कॅबिनेट घ्या.